रूट कॅनॉल आणि दाताची तिसरी मिती

दाताच्या मुळातील अरुंद पोकळीतून सुजलेला किंवा मृत झालेला मऊ भाग काढायचा, ती पोकळी निर्जंतुक करायची आणि पुन्हा घट्ट बंद करायची, हा रूट कॅनॉल उपचाराचा गाभा असून, उपचार करणाऱ्याला आपण काम करत असलेली जागा डोळ्यांनी दिसत नाही, ही त्यातील मूळ अडचण आहे. दाढेच्या माथ्यावर पाडलेल्या छिद्रातून नलिकांची तोंडे फार तर दिसतात आणि सूक्ष्मदर्शक असेल तर ती अधिक स्पष्ट दिसतात; तिथून खाली मुळाच्या टोकापर्यंत मात्र बोटांना जाणवणारा अडसर, नलिकेची लांबी विद्युत्-रोधावरून सांगणारे उपकरण आणि एक्स-रे यांच्याच भरवशावर जावे लागते. गेल्या पाव शतकात या तिघांना त्रिमितीय प्रतिमेची जोड मिळाली. आरंभी ती महानगरांतील मोजक्या दवाखान्यांपुरती होती. आता कुंडलिकेकाठच्या रोहा शहराला लागून असलेल्या वरसे गावातील रुग्णालाही दाढ ठणकू लागल्यावर ‘आधी स्कॅन काढून आणा’ असे ऐकायला मिळणे अशक्य राहिलेले नाही. हा स्कॅन नेमका काय दाखवतो आणि प्रत्येक दाढेला त्याची गरज असते का, हे दोन्ही प्रश्न त्यामुळे रुग्णाच्या खिशाशी आणि वेळेशी थेट निगडित झाले आहेत.

लोक ज्याला ‘दाताची नस’ म्हणतात ती एक नस नसून रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि पेशीजाल यांनी बनलेली दंतमज्जा असते. ती दाताच्या माथ्यातील कोठडीत आणि तिथून मुळांत उतरणाऱ्या नलिकांत पसरलेली असते. या नलिका सरळ, गोल आणि सुट्या असतात अशी समजूत पाठ्यपुस्तकांतील सोप्या आकृत्यांनी रूढ केली. तथापि स्विस दंतशास्त्रज्ञ वॉल्टर हेस यांनी गेल्या शतकाच्या पहिल्या पंचविशीतच काढलेल्या दातांच्या नलिकांत रबर भरून त्यांचे साचे तयार केले आणि त्या किती फाटे फोडतात, एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा वेगळ्या होतात हे दाखवून दिले. पुढे १९८४ मध्ये फ्रँक व्हर्टुची यांनी एकाच मुळातील नलिकांच्या रचनेचे आठ प्रकार मांडले व ते वर्गीकरण आजही वापरात आहे. वरच्या जबड्यातील पहिली दाढ हे या गुंतागुंतीचे ठळक उदाहरण होय. तिला मुळे तीन, म्हणून नलिकाही तीनच असाव्यात असे वाटते. प्रत्यक्षात गालाच्या बाजूच्या पुढच्या मुळात निम्म्याहून अधिक माणसांत दुसरी, अत्यंत बारीक नलिका असते, आणि ती राहून गेली तर उत्तम भरलेल्या इतर तीन नलिकांचाही फारसा उपयोग होत नाही. खालच्या दुसऱ्या दाढेत कधी कधी नलिका एकमेकींना जोडून इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराची फट तयार होते; ही रचना पूर्व आशियाई लोकांत अधिक आढळते, पण भारतातही ती दुर्मिळ नाही. या नलिकांत पहिल्यांदा घातल्या जाणाऱ्या फाइलचे, म्हणजे घासणाऱ्या बारीक सुईसारख्या अवजाराचे, टोक पुष्कळदा एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके किंवा त्याहूनही बारीक असते, यावरून कामाच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी.

विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण शोधून काढले आणि अवघ्या काही आठवड्यांत, १८९६ च्या जानेवारीत, जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे ओटो वॉल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या जबड्याचे छायाचित्र घेतले. त्यासाठी त्याला पंचवीस मिनिटे निश्चल राहावे लागले होते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचा एडमंड केल्स हा रूट कॅनॉलमध्ये तार घालून तिची लांबी एक्स-रेवर तपासणाऱ्या आरंभीच्या लोकांपैकी एक. यंत्राची तीव्रता तो आपल्याच हातावर आजमावत असे. त्यातून झालेल्या कर्करोगात त्याची बोटे आणि पुढे हात गेला, आणि १९२८ मध्ये त्याने आयुष्य संपवले. दंतक्षेत्रातील किरणोत्साराच्या चर्चेत केल्सचे नाव आजही घेतले जाते ते या किमतीमुळे.

आज दवाखान्यात खुर्चीवरच काढला जाणारा छोटा एक्स-रे हा त्याच तंत्राचा अतिशय सुरक्षित वारस असून बहुतेक दातांना तो पुरतो. त्याची मर्यादा मात्र पहिल्या दिवसापासून तीच आहे: खोली असलेली वस्तू तो सपाट पृष्ठभागावर उतरवतो. एकामागे एक उभ्या असलेल्या तीन माडांची सावली कुंपणावर एकच पडावी, तसे गालाकडचे मूळ, टाळूकडचे मूळ आणि त्यांच्या मागेपुढे असलेले गालफडाचे हाड हे सारे एकाच चित्रात एकावर एक चढते. किरणाचा कोन थोडा बदलून दुसरा एक्स-रे काढला की जवळची व लांबची वस्तू विरुद्ध दिशांना सरकतात, आणि त्या सरकण्यावरून कोणते मूळ कोणत्या बाजूला आहे हे ताडता येते. शंभराहून अधिक वर्षे जुनी असलेली ही युक्ती स्कॅनच्या जमान्यातही विसरण्यासारखी नाही. अनेकदा तेवढ्यावरच काम भागते आणि रुग्णाचा प्रवास वाचतो.

सपाट चित्राचा दुसरा दोष अधिक फसवा आहे. बेंडर आणि सेल्टझर या अमेरिकी संशोधकांनी मृतांच्या जबड्यांत मुद्दाम पोकळ्या करून घेतलेल्या एक्स-रेंचा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि जबड्याच्या आतील जाळीदार हाडापुरती मर्यादित असलेली पोकळी बाहेरच्या कठीण कवचाला धक्का लागेपर्यंत एक्स-रेवर बहुधा उमटतच नाही, असे त्यातून पुढे आले. मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्गाने हाड झिजत असूनही एक्स-रे ‘स्वच्छ’ येऊ शकतो, रुग्णाचे ठणकणे मात्र थांबत नाही, आणि मग शेजारच्या निर्दोष दाढेवर संशय घेतला जातो, असे प्रसंग दंतवैद्यकात नवे नाहीत.

या दोन्ही दोषांवर उपाय म्हणून आलेल्या तंत्राचे पूर्ण नाव ‘कोन बीम कम्प्यूटेड टोमोग्राफी’ असे असून दवाखान्यात त्याला सरसकट सीबीसीटी म्हणतात. रुग्णालयातील नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये, ज्याची पहिली रुग्ण-चाचणी गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये लंडनमध्ये झाली, किरणांचा पातळ पंखा शरीराभोवती फिरून एकेक काप घेत जातो. सीबीसीटीमध्ये किरण शंकूच्या आकारात सोडले जातात व समोरच्या सपाट पट्टीवर टिपले जातात, त्यामुळे डोक्याभोवती एकाच फेरीत शेकडो छायाचित्रे मिळतात आणि त्यांवरून संगणक त्या भागाचे घनरूप पुन्हा उभे करतो. हे पुन्हा उभे करण्याचे गणित १९८४ मध्ये फेल्डकँप आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मांडले; हे तिघेही फोर्ड मोटर कंपनीच्या संशोधन विभागात होते, म्हणजे दाढेच्या मुळापर्यंत पोहोचलेल्या या गणिताची एक वाट मोटारींच्या कारखान्यातून येते. दंतवैद्यकासाठीची यंत्रे नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आली: इटलीत व्हेरोना येथे पिएरो मोझो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वर्णन केलेले ‘न्यूटॉम’, आणि त्याच सुमारास जपानमधील निहॉन विद्यापीठात योशिनोरी अराई यांच्या गटाने घडवलेले लहान क्षेत्राचे यंत्र. रूट कॅनॉलच्या दृष्टीने दुसरे अधिक महत्त्वाचे, कारण त्याने संपूर्ण डोक्याऐवजी दोन-तीन दातांपुरताच भाग टिपण्याची सोय केली.

स्कॅन काढण्याची क्रिया पाहायला अगदी साधी असते. रुग्णाला उभे किंवा बसते करून हनुवटी टेकवायला लावतात, पुढच्या दातांत प्लास्टिकची छोटी पट्टी धरायला देतात आणि डोके दोन्ही बाजूंनी हलकेच आवळतात. त्याआधी चष्मा, कानातले, केसांतल्या पिना, काढता येणारी कवळी आणि नाकातील चमकी उतरवावी लागते. कित्येक वर्षे न काढलेली चमकी निघता निघत नाही, आणि खालच्या दाढेच्या स्कॅनला ती आड येत नसेल तर तंत्रज्ञ ती राहूही देतात. वरच्या दातांच्या स्कॅनमध्ये मात्र तेवढ्या धातूनेही चित्रावर पांढरे फराटे उमटू शकतात. त्यानंतर यंत्राचा हात दहा ते वीस सेकंद डोक्याभोवती फिरतो, आणि तेवढा वेळ गिळायचेही नाही, कारण जबडा अर्धा मिलिमीटर हलला तरी बारीक नलिकेच्या कडा पुसट होतात. सुई नाही, औषध नाही, बोगद्यासारख्या यंत्रात झोपणे नाही.

मिळालेली प्रतिमा ‘व्हॉक्सेल’ नावाच्या सूक्ष्म घनांची बनलेली असते. पाच सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा भाग ०.१ मिलिमीटर बाजूच्या घनांत टिपला तर त्यात साडेबारा कोटी घन भरतात आणि प्रत्येकाला त्याच्या जागी असलेल्या पदार्थाच्या घनतेनुसार काळ्या-पांढऱ्याची एक छटा मिळते. हे सारे घन तिन्ही दिशांना सारख्या मापाचे असल्याने चित्र कुठूनही, कोणत्याही कोनात कापून पाहता येते. मूळ तिरके असेल तर कापही तेवढाच तिरका घेता येतो. या सोयीचे मोल एकदा वापरणाऱ्यालाच कळते.

वरची पहिली दाढ अशा स्कॅनमध्ये वाचायची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. दंतवैद्य माथ्याकडून मुळाकडे आडवे काप एकेक करून खाली सरकवत जातो. आधी पांढऱ्याशुभ्र आवरणाच्या मध्यभागी मज्जेची काळी कोठडी दिसते, काही कापांनंतर तिचा तळ येतो आणि त्यातून तीन काळे ठिपके सुटे होतात, दोन गालाच्या बाजूला व एक टाळूच्या. पुढच्या मुळाचा काप गोल नसून लांबट असल्याचे लक्षात आले की नजर तिथे थांबते, कारण लांबट मुळात एकच ठिपका आणि तोही एका कडेला असेल, तर उरलेल्या जागेत दुसरा असण्याची शक्यता दाट असते. आधी रूट कॅनॉल झालेल्या दाढेत हीच खूण अधिक बोलकी होते: भरलेले पांढरे द्रव्य मुळाच्या बरोबर मध्यभागी असेल तर त्या मुळात बहुधा एकच नलिका आहे, आणि ते एका बाजूला सरकलेले असेल तर दुसऱ्या बाजूची नलिका हाती लागायची राहिली असावी. ही सममितीची कसोटी सपाट एक्स-रेवर लावताच येत नाही, कारण तिथे एक नलिका दुसरीच्या मागे दडलेली असते.

पुन्हा करावा लागणारा रूट कॅनॉल हे म्हणूनच सीबीसीटीचे सर्वांत सार्थ क्षेत्र म्हणता येईल. ‘दोन वर्षांपूर्वी दाढ साफ केली, कॅपही बसवली, तरी हिरडीवर पुळी येते आणि जाते’ या तक्रारीमागे राहिलेली नलिका आहे, मुळाला पडलेले चुकीचे छिद्र आहे, आत तुटून राहिलेला फाइलचा तुकडा आहे की मुळाला गेलेली उभी चीर आहे, यावर पुढची वाट ठरते: पहिल्या तिन्हींत दाढ वाचवण्याला वाव असतो, चौथ्यात ती बहुधा काढावीच लागते. मोटारसायकलच्या अपघातात किंवा क्रिकेटचा चेंडू लागून पुढच्या दाताला मार बसतो, तेव्हा मूळ कोणत्या पातळीवर तुटले आणि त्याभोवतीच्या हाडाची भिंत शाबूत आहे का, हे तिसऱ्या मितीशिवाय नीट कळत नाही. अशा मारानंतर काही वर्षांनी कधी कधी शरीराच्या पेशीच दाताचे मूळ बाहेरून पोखरू लागतात. तो पोखर मुळाच्या कोणत्या बाजूने शिरला यावर दात वाचणार की नाही हे ठरते, आणि सपाट चित्रात समोरून शिरलेला आणि मागून शिरलेला पोखर सारखाच दिसतो. वरच्या दाढांची मुळे गालफडातील सायनसच्या तळाशी इतकी लगटून असतात की एकाच बाजूचे नाक वाहणे, त्याला दुर्गंध येणे आणि औषधांनी तात्पुरता उतार पडणे, या त्रासाचे मूळ पुष्कळदा दाढेत असते; महिनोन्‌महिने सर्दीची औषधे घेतल्यानंतर एखाद्या स्कॅनवर दाढेच्या टोकापासून सायनसपर्यंत गेलेली वाट दिसते. वयोमानाने अथवा जुन्या माराने नलिका जवळजवळ बुजून गेली असेल, तर स्कॅन आणि दातांचे अंकीय माप एकत्र करून त्रिमितीय छपाईने एक साचा बनवता येतो, जो दातांवर बसवला की ड्रिल ठरलेल्या दिशेने आणि ठरलेल्या खोलीपर्यंतच जाते. या पद्धतीला लागणारा खर्च आणि कौशल्य पाहता ती अजून मोजक्या दवाखान्यांतच आहे.

तंत्राचे कौतुक करणाऱ्या लेखनात त्याच्या चुकांना सहसा तळटीपेइतकीच जागा मिळते. येथे त्यांचा विचार सविस्तर होणे आवश्यक आहे. धातू हा सीबीसीटीचा मोठा शत्रू आहे. जुनी चांदीची भरणी, धातूची कॅप, मुळात बसवलेला खांब, एवढेच नव्हे तर नलिकेत भरलेले गटापर्चा हे रबरासारखे द्रव्यसुद्धा किरण अडवते, आणि त्यांच्या आजूबाजूला काळे-पांढरे पट्टे उमटतात. असा काळा पट्टा मुळावरून गेला की तो चिरेसारखा दिसतो, आणि खरी चीर त्याच पट्ट्याखाली झाकली जाते. मुळाची उभी चीर, म्हणजे जिथे निश्चित निदानाची सर्वाधिक गरज, तिथेच चित्राचा भरवसा सर्वांत कमी, अशी ही विसंगती आहे. म्हणून अनुभवी दंतवैद्य चिरेपेक्षा चिरेच्या कडेने झिजलेल्या हाडाचा आकार आणि हिरडीत एकाच ठिकाणी खोल जाणारी मापनपट्टी यांना अधिक वजन देतात. ०.१ मिलिमीटरच्या घनात त्याहून अरुंद नलिका किंवा फट वेगळी दिसणे कठीण असते, त्यामुळे ‘स्कॅनमध्ये चौथी नलिका दिसली नाही’ याचा अर्थ ती नाही असा होत नाही.

उपचारानंतरच्या स्कॅनचा विषय तर आणखी नाजूक आहे. हाड भरून यायला वेळ लागतो, आणि युरोपीय एण्डोडॉन्टिक, म्हणजे मुळांवरील उपचारांच्या, संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शनानुसार मुळाच्या टोकाशी असलेली छाया पूर्ण जाण्याची वाट प्रसंगी चार वर्षांपर्यंत पाहावी लागते. सीबीसीटी साध्या एक्स-रेहून अधिक संवेदनशील असल्याने एक्स-रेवर बरा झालेला दिसणारा दात स्कॅनमध्ये अजून थोडी छाया दाखवतो. रुग्णाला दुखत नाही, हिरडी निरोगी आहे, चावता येते, तरीही त्या छायेच्या भरवशावर दाढ पुन्हा उघडली गेली तर त्यात रुग्णाचे हित किती, हा प्रश्न राहतो. अधिक दिसणे आणि अधिक उपचार होणे यांतील अंतर फार थोडे असते.

किरणोत्साराचे मापही याच संदर्भात ठेवले पाहिजे. पृथ्वीवरील नैसर्गिक किरणोत्सारामुळे सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. एका दाताच्या छोट्या एक्स-रेची मात्रा एका दिवसाच्या आसपास बसते, तर दोन-तीन दातांपुरत्या लहान क्षेत्राच्या सीबीसीटीची मात्रा यंत्रानुसार सुमारे २० ते १०० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे तीन दिवसांपासून पंधरवड्यापर्यंत जाते. दोन्ही जबड्यांच्या मोठ्या क्षेत्राची मात्रा आणखी वाढते. हा धोका भयंकर नाही, पण शून्यही नाही, आणि लहान मुलांत तो प्रौढांहून अधिक धरावा लागतो. गरोदर स्त्रीने स्कॅनपूर्वी तसे सांगितले पाहिजे; निकड नसेल तर तो पुढे ढकलला जातो. भारतात अशा यंत्रांवर नियंत्रण ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले असून त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. दातांची एक्स-रे यंत्रेही त्याच्या नियमनाखाली येतात, आणि त्यांसाठीची अनुमती ‘ई-लोरा’ या संगणकीय प्रणालीतून घ्यावी लागते. केंद्रात ते प्रमाणपत्र पाहायला मागण्यात गैर काहीच नाही.

एका दाढेसाठी संपूर्ण जबड्याचा स्कॅन काढणे हे म्हणूनच दुहेरी चुकीचे ठरते. क्षेत्र मोठे केले की मात्रा वाढते आणि व्हॉक्सेलही सहसा मोठा होतो, म्हणजे अधिक किरण घेऊन नलिका मात्र कमी स्पष्ट दिसते. अमेरिकेतील एण्डोडॉन्टिस्ट व दंत-किरणशास्त्रज्ञांच्या संघटनांनी २०१५ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या संयुक्त भूमिकेत आणि युरोपीय संस्थेच्या २०१९ च्या निवेदनात सूर एकच आहे: आधी तपासणी व साधा एक्स-रे, आणि त्यांतून प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तरच लहान क्षेत्राची सीबीसीटी. अमेरिकी भूमिकेत जादा नलिका किंवा गुंतागुंतीची रचना असण्याची शक्यता असलेल्या दातांसाठी पहिल्याच उपचारात स्कॅनचा विचार करायला जागा ठेवली आहे, पण सर्रास प्रत्येक रुग्णाचा स्कॅन दोन्हीकडे नाकारला आहे. स्कॅनच्या निष्कर्षाने उपचाराची दिशा बदलणार असेल तर तो काढावा. कोणताही निष्कर्ष आला तरी तेच करायचे ठरलेले असेल तर काढू नये, या कसोटीवर बहुतेक शंका सुटतात.

वरसे किंवा पेणजवळच्या गावातून हा हिशेब पाहिला की ही कसोटी निव्वळ वैद्यकीय राहत नाही. साधे एक्स-रे यंत्र तालुक्याच्या गावातील दवाखान्यात सर्रास असते. मुळांवरील उपचारांचे पदव्युत्तर शिक्षण देणारे विभाग आणि दंत-किरणशास्त्राचे तज्ज्ञ मात्र कामोठे, खारघर, नेरुळ येथील दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात भेटतात. कोकण रेल्वे जिथून सुरू होते त्या रोहा स्थानकापासून पनवेल लोहमार्गाने सुमारे ७५ किलोमीटर आहे, आणि नागोठणे, कासू, पेण करत जाणारी मेमू गाठली नाही तर महामार्ग उरतो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्याला एका स्कॅनसाठी एक खाडा धरावा लागतो. अशा वेळी रोह्यातील दंतवैद्याने दोन कोनांतून काढलेल्या एक्स-रेवर भागवणे हे मागासलेपण नसून योग्य निवड असू शकते, आणि जिथे स्कॅन खरोखर हवा तिथे तो पहिल्याच फेरीत नेमका निघावा यासाठी चिठ्ठी नेमकी हवी. ‘सीबीसीटी’ एवढाच शब्द लिहिलेल्या चिठ्ठीवर केंद्र मोठे क्षेत्रही काढून देईल. ‘वरची उजवी पहिली दाढ, पूर्वी रूट कॅनॉल झालेली, पुढच्या मुळातील राहिलेली नलिका पाहणे, लहान क्षेत्र, ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून सूक्ष्म’ असे लिहिलेल्या चिठ्ठीत तंत्रज्ञाला यंत्र कसे लावायचे आणि तज्ज्ञाला काय शोधायचे हे दोन्ही कळते.

स्कॅननंतर हाती पडणाऱ्या छापील फोटोंच्या पानांवर समाधान मानू नये, कारण ती चार-सहा निवडक कापांची असतात आणि त्यांत हवा तो काप नसण्याचीच शक्यता अधिक. ‘डायकॉम’ या सर्वमान्य स्वरूपातील मूळ फाइल सीडीवर, पेन ड्राइव्हवर किंवा दुव्याने मागून घ्यावी आणि तिच्यासोबत तज्ज्ञाचा लेखी अहवालही घ्यावा. स्कॅनच्या क्षेत्रात दाढेखेरीज सायनस, हाड, शेजारचे दात असे बरेच काही आलेले असते. ते सारे कुणीतरी पाहिलेले असणे आवश्यक आहे. ती फाइल सामान्य संगणकावर विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालीत उघडते, त्यामुळे काप सरकवत पाहण्याचे काम रोह्यातील दवाखान्यातही करता येते, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडे जावे लागले तर तोच स्कॅन पुन्हा काढावा लागत नाही.